नाकोजीचं भाजलेलं लाकूड

त्या गल्लीत एक गोष्ट कानोकानी फिरत होती: टॉवेलच्या कारखान्यात जळण उतरवून घेणारा जो माणूस आहे ना, त्याला त्याची बायको रोज संध्याकाळी लाकूड भाजून खायला घालते.

गोष्ट कुठून निघाली हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या घराला लागून मावशीचं घर. ती कुणाचीच सख्खी मावशी नव्हती, पण गल्लीत जन्मलेल्या प्रत्येकाची पत्रिका तिला पाठ, म्हणून मावशी. दोन्ही स्वयंपाकघरांच्या खिडक्या समोरासमोर आणि मध्ये एक सायकल जेमतेम जाईल एवढा बोळ. मावशीची खिडकी भर थंडीतही उघडी असायची. सर्दी झाली तर काढा पिता येतो, चुकलेली बातमी कुठून आणायची?

"या डोळ्यांनी पाहिलंय," मावशी शपथेवर सांगायची. "ओव्हनमधून ट्रे काढते. ट्रेवर लाकडाचे तुकडे. आणि नवरा समोर टेबलाशी असा डोळे लावून बसलेला, की काय सांगू! माझ्या नवऱ्याने माझ्या हातच्या कशाकडेही आयुष्यात तसं पाहिलं नाही."

"खातो कशाबरोबर पण?" ऐकणारी विचारायची.

"चहाबरोबर. आणखी कशाबरोबर खाणार?"

हा चहा मावशीने पदरचा घातला होता. पुढे ज्याने त्याने आपापलं घातलं. कुणी म्हणालं, मूळव्याधीवर औषध आहे. कुणी म्हणालं, लहानपणी खडू खायची सवय असते, तिचं म्हातारपणी असं होतं. चौकातला न्हावी तर छातीठोक सांगायचा की, त्या माणसाच्या केसांत भुसा सापडतो. आता जळणाच्या ढिगांत दिवसभर वावरणाऱ्या माणसाच्या केसांत भुसा नाही तर काय मोगरा सापडणार? पण न्हाव्याशी वाद कोण घालतो, वस्तरा त्याच्या हातात.

तर हा माणूस म्हणजे नाकोजी. हे त्याचं खरं नाव नव्हे, कारखान्याने बहाल केलेलं. नाक तसं बेताचंच होतं, पण त्या नाकाची कीर्ती अशी, की ट्रकवाले फाटकाबाहेर गाडी थांबवून आधी विचारायचे, "नाकोजी आहे का आज?" आहे म्हटलं की काहींची तोंडं उतरायची.

कीर्तीचं कारण समजायला आधी कारखाना समजायला हवा. तिथे टॉवेल धुवायचे, रंगवायचे, वाळवायचे. या सगळ्याला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो आणि बॉयलरला रात्रंदिवस खायला लागतं. पूर्वी त्याला कोळसा घालायचे. मग वरून हुकूम आला, कोळसा बंद, आता लाकूड. लाकूड म्हणजे ओंडके नव्हेत. छाटलेल्या फांद्या, सुतारांकडचे उरलेसुरले तुकडे, असं सगळं यंत्रात घालून केलेल्या ढलप्या, ट्रकच्या ट्रक. ढलप्या जळतात छान, पण त्यांच्यात एक खोट असते, त्या पाणी पिऊन येतात. ओल्या ढलप्या भट्टीत पडल्या की निम्मी आग त्यांचं पाणी उकळण्यातच संपते. धूर भरपूर, वाफ जेमतेम, आणि वाळवणीतून टॉवेल बाहेर येतात ते पिळून घ्यावेत असे. आणि ठेकेदार माल विकतो वजनावर. म्हणजे पाणी जितकं जास्त तितका तो खूश. म्हणून फाटकावर असा माणूस हवा, जो ढीग बघून सांगेल, यात पाणी किती.

नाकोजी तेव्हा फाटकावर नव्हता. तो भट्टीखालची राख ओढायचा. कमरेत वाकून, लांब दांड्याच्या फावड्याने, अकरा वर्षं. त्याच्या वर बॉयलरमामा. हा आडदांड मनुष्य बॉयलरशी बायकोपेक्षा जास्त बोलायचा आणि बॉयलरचं ऐकायचाही.

ढलप्यांचा पहिलाच आठवडा. ट्रक आला, ताडपत्री निघाली. नाकोजीला त्या दिवशी सर्दी होती. तो बाजूला वाकून नाक शिंकरत होता, आणि वाकलेला होता म्हणूनच त्याला दिसलं की ढलप्यांच्या ढिगातून एक चांगला बाळसेदार बेडूक निघाला, फळीवरून उडी मारून उतरला आणि शांतपणे गटाराकडे निघून गेला. दुसऱ्या कुणाचं लक्ष नव्हतं. नाकोजीने सर्रकन नाक ओढलं आणि म्हणाला, "ओलं आहे."

ठेकेदार हसला. माल भट्टीत गेला. दुपारपर्यंत धुराने कारखाना दिसेना, आणि टॉवेल तर असे आले की खाली बादल्या ठेवाव्या लागल्या. तेव्हाच्या साहेबाने नाकोजीला बोलावलं. "तुला कसं कळलं रे?"

नाकोजी बेडकाचं सांगणार होता. तोंड उघडलंही होतं. पण बॉयलरमामाला मध्ये बोलायची फार घाई. "वासावरून, साहेब! मी समोर होतो ना! यानं असं नाक ओढलं आणि सांगून टाकलं. देणगी आहे साहेब, देणगी!"

साहेबाने तिथल्या तिथे त्याला फाटकावर नेमलं. पत्र्याची सावली, एक टेबल आणि एका हाताची फिरती खुर्ची. दुसरा हात कधीच तुटलेला, पण फिरायची मात्र छान. नाकोजी त्या खुर्चीत बसला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याची कंबर सरळ झाली. त्यानंतर बेडकाचं नाव काढायला त्याला धीर झाला नाही.

आता यातली मेख ऐका. नाकोजीला वास येतच नव्हता. तरुणपणी ब्लीचिंग खात्यात असताना टाकीचं झाकण उघडायला आणि वाफ नाकात शिरायला एकच गाठ पडली, तेव्हापासून गुलाब आणि गटार त्याला सारखंच. हे घरी फक्त बायकोला माहीत. तिनेही कुणाला सांगितलं नव्हतं, कारण तिच्या मते नवऱ्याचा हा एक गुणच होता. करपलेलं त्याला कळायचं नाही.

त्या संध्याकाळी नाकोजी घरी आला तो डोकं धरूनच. "आज बेडूक होता. उद्या बेडूक कुठून आणू?"

बायको हसली नाही. ती बेकरीत एकोणीस वर्षं काम केलेली बाई. बेकरी बंद पडली तेव्हा मालकाने तिला निरोपाचं म्हणून एक जुना छोटा ओव्हन आणि ग्रॅम-ग्रॅम दाखवणारा तराजू दिला होता. ती म्हणाली, "अहो, पावाचा गोळा आत टाकताना साडेचारशे भरतो, बाहेर येतो तेव्हा चारशे. मधले पन्नास कुठे जातात? मालक खातो? पाणी उडून जातं. लाकडाला काय शिंगं आहेत? आणा उद्या डब्यातून."

झालं, तिथून सुरुवात झाली. सकाळी डब्यातून जेवण जायचं, संध्याकाळी त्याच डब्यातून घट्ट झाकण लावून ढलप्या यायच्या. शंभर ग्रॅम मोजून ओव्हनमध्ये. मंद आचेवर. मग तासातासाने तराजूवर, वजन उतरायचं थांबेपर्यंत. नाकोजी टेबलाशी बसून तराजूच्या आकड्यावर डोळे लावायचा. मावशीने पाहिलेली भूक ती हीच.

"बासष्ट," बायको म्हणायची. "म्हणजे अडतीस उडाले. अडतीस टक्के ओल."

"नक्की? अजून उतरत असेल."

"मघाशी बासष्ट, आत्ता बासष्ट. तुम्ही रोखून पाहिल्याने उतरणार आहे का?"

राहता राहिली एक अडचण. ट्रक दुपारी येतो आणि ओव्हनचा निकाल संध्याकाळी. यावर मात्र नाकोजीने स्वतःचं डोकं चालवलं. पहिल्याच ट्रकला ढिगाभोवती एक फेरी मारून, नाक ओढून, तो गंभीरपणे म्हणाला, "प्रवासातून आलेल्या लाकडाचा वास खोटा असतो. दमलेलं असतं ते. रात्रभर निजू दे, सकाळी सांगतो." कुणीही खळखळ केली नाही. उलट, अंगणात प्रत्येक ट्रकचा ढीग वेगळा घालून त्याला झोपू द्यायची पद्धतच पडली. बॉयलरमामा तर संध्याकाळी त्या ढिगांजवळून जाताना आवाज खाली आणायचा, आणि कुणी हाक मारली तर तोंडावर बोट ठेवायचा. सकाळी नाकोजी यायचा, वाटभर "अडतीस, अडतीस" घोकत, मग ढिगाशी वाकायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "अडतीस." भट्टी दरवेळी त्याला खरं ठरवायची. अशी सहा वर्षं गेली. नाकोजी अठ्ठावन्न वर्षांचा झाला, खुर्चीचा उरलेला हातही कुरकुरू लागला.

मग नवा साहेब आला. कोवळा पोरगेला इंजिनियर, खिशात नेहमी दोन पेनं, हातात एक यंत्र. यंत्राला दोन सुळे. लाकडात खुपसले की काचेवर ओलीचा आकडा. लोकांनी लगेच त्याचं बारसं केलं, मीटरसाहेब.

पहिल्याच दिवशी त्याने एका ढिगात सुळे खुपसले. "सत्तावीस," तो म्हणाला.

"एक्केचाळीस," नाकोजी म्हणाला. रात्री घोकलेला आकडा होता.

"काका, यंत्र आहे हे. यंत्राला सर्दी होत नाही."

"यंत्राला बॉयलरही चालवावा लागत नाही," बॉयलरमामा मागून पुटपुटला.

मीटरसाहेबाने तो ढीग भट्टीत घालायला लावला. दुपारी बॉयलरमामा स्वतः त्याच्या खोलीत गेला, डोळे धुराने लाल, हातात टॉवेल. टॉवेल त्याने टेबलावर ठेवला, तिथे तळं साचलं. "साहेब, सत्तावीस टक्के," एवढंच बोलला आणि परत गेला.

वाईट माणूस असता तर मीटरसाहेब चिडला असता. पण तो अभ्यासू निघाला, आणि तेच नाकोजीच्या जिवावर उठलं. त्याने यंत्राबरोबरची पुस्तिका नीट वाचली. त्यात बारीक अक्षरात होतं की, यंत्र सुताराच्या फळ्यांसाठी आहे. सुट्या ढलप्यांत सुळे खुपसले की लाकडापेक्षा हवाच जास्त मोजली जाते. दुसऱ्या दिवशी तो फाटकावर आला, यंत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "काका, मी चुकलो. हे नाक म्हणजे चमत्कार आहे. मला याचा अभ्यास करायचा आहे."

यंत्राशी नाकोजी सहज लढला असता. भक्त गळ्यात पडल्यावर काय करायचं, हे त्याला सुचेना. रोज सकाळी मीटरसाहेब वही घेऊन हजर.

"वास घेताना कुठली नाकपुडी, काका? डावी की उजवी?"

"दोन्ही."

"एकदम?"

"आलटून पालटून," नाकोजी म्हणाला, आणि घामाघूम झाला.

वारा कुठला होता, झोप किती झाली, आदल्या दिवशी खाल्लं काय, सगळं वहीत. नाकोजी घरी येऊन कपाळ बडवायचा. "पकडला गेलो तर खुर्ची जाईल गं. परत राख. या कमरेने दोन दिवस नाही ओढू शकत मी राख. आणि लोक हसतील ते वेगळंच."

"लोक आत्ताच म्हणतात तुम्ही लाकूड खाता," बायको म्हणाली. "याहून काय हसायचं राहिलंय?"

अशात नवीन जळण आलं. भुसा दळून, यंत्रात दाबून केलेल्या कांड्या. पेन्सिलीएवढ्या जाड, बोटाच्या पेराएवढ्या लांब, तपकिरी, तुकतुकीत. पेलेट म्हणतात त्यांना. कोरड्या ठणठणीत असतात, भट्टीत पडल्या की नुसती आग. मुख्य कचेरीने ठरवलं होतं की माल पसंत पडला तर पुढे सगळं वर्ष ढलप्यांऐवजी कांड्याच घ्यायच्या. कांड्यांच्या व्यापाऱ्याने पहिला ट्रक पाठवला, पोत्यांवर पोती. दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्य कचेरीचे दोन अधिकारी यायचे होते. ते माल बघायला येत होते असं कागदावर होतं. खरं म्हणजे मीटरसाहेबाने त्यांना नाकाबद्दल चार पानं लिहिली होती, आणि ते नाक बघायला येत होते.

मीटरसाहेब दुपारभर त्यांच्या राहण्याच्या सोयीसाठी बाहेर. त्याने अजून कांडी डोळ्यांनी पाहिली नव्हती, नुसतं छापील पत्रकातलं चित्र, त्यात ती माणसाच्या मांडीएवढी दिसायची. नाकोजीने एक पोतं उसवलं, डबा भरला आणि घर गाठलं.

संध्याकाळी बायकोने पाचव्यांदा ट्रे ओव्हनमधून काढला. आता फक्त तराजूवर ठेवायचा होता. तेवढ्यात दारावर टकटक. दार उघडंच होतं. आत आला मीटरसाहेब, वहीसकट. आणि त्याच्या मागोमाग वाटी घेऊन मावशी.

"साखर हवी होती जरा," मावशी म्हणाली. नजर ट्रेवर.

"काका, उद्या मोठा दिवस," मीटरसाहेब म्हणाला. "म्हटलं आज तुमचा आहार डोळ्यांनी बघून नोंदवावा. अरे वा, काय भाजलंय हे?"

बायकोच्या हातात गरम ट्रे, ट्रेत तपकिरी कांड्या, आणि एकोणीस वर्षांची सवय. तिने डाव्या हाताने डब्यातली चिमूटभर साखर घेतली आणि सरावाने ट्रेवर भुरभुरली.

"बिस्किटं," ती म्हणाली. "पथ्याची. यांच्यासाठी."

साखर पडताना नाकोजीने पाहिलं. वजन गेलं! आता लाकूड किती आणि साखर किती, देव जाणे. पण शोक करायला वेळ नव्हता, कारण मीटरसाहेबाचा हात ट्रेकडे निघाला होता.

"एक घेऊ का, काकू?"

"नको!" नाकोजी ओरडला आणि ट्रे स्वतःकडे ओढला. "तुम्हाला सोसायची नाहीत. जड असतात."

"एकाने काय होतंय, काका?"

"मला तर सहा वर्षांत एकदाही विचारलं नाही," मावशी दारातून म्हणाली. "रोज भाजते. रोज वास येतो. कधी एक तुकडा पुढे केला नाही."

आता दुसरा मार्गच नव्हता. नाकोजीने एक कांडी उचलली आणि तोंडात टाकली. चावली. कडकन आवाज झाला. सगळे त्याच्याकडे बघत होते, म्हणून त्याने दुसरी टाकली. मग तिसरी. लाकडाच्या भुशाला तोंडातलं पाणी लागलं की तो फुगतो, हे त्याला कामामुळे माहीत होतं. आता ते गालांतून कळत होतं. तोंडात सुतारकाम चालू होतं. डोळ्यांत पाणी आलं.

"आवडतात ना काकांना फार," मीटरसाहेब हेलावून म्हणाला.

"जीव टाकतात," बायको म्हणाली, आणि तिने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

पाचव्या कांडीला दाढेत काहीतरी टणकन लागलं आणि टवका उडाला. नाकोजीने रुमाल तोंडाशी धरला, आहे ते पाण्याबरोबर गिळलं आणि ट्रे पालथा करून सगळं पिशवीत ओतून गाठ मारली. "उरलेली उद्याला," तो कसाबसा म्हणाला.

मीटरसाहेबाने लिहिलं: संध्याकाळी पथ्याची बिस्किटं, पाच. मावशी वाटी रिकामीच घेऊन परत गेली. साखर मागितल्याचं ती विसरली होती, तिला आता चार घरी जायचं होतं.

पाहुणे गेल्यावर नाकोजी खुर्चीत कोसळला. "संपलं. डब्यात कांडी नाही, आकडा नाही. उद्या काय सांगू?"

बायको त्याच्या रुमालातलं निरखून बघत होती. त्यात दाढेचा टवका होता आणि त्याच्याशेजारी तांदळाच्या दाण्याएवढा एक खडा. "हा कुठला?"

"तुझ्या साखरेतला."

"माझ्या साखरेत खडे नसतात." तिने एक कांडी पिशवीतून काढून टेबलावर लाटण्याने चिरडली, भुसा बोटांत घेऊन चोळला. कचकच झाली. "अहो, यात वाळू आहे. बेकरीत एकदा मालकाने जमिनीवरचं पीठ झाडून गोणीत भरलं होतं, ते हाताला अगदी असंच लागत होतं. हा भुसा झाडून गोळा केलेला आहे."

"मला ओल विचारणार आहेत, वाळू नाही."

"जे माहीत नाही ते सहा वर्षांत तुम्ही कधी सांगितलंत का? नाही ना? मग उद्याही नका सांगू. जे माहीत आहे ते सांगा."

सकाळी फाटकाशी गर्दी. मुख्य कचेरीचे दोघे, एक जाड आणि एक त्याहून जाड. कडक इस्त्रीतला कांड्यांचा व्यापारी. मीटरसाहेब मुलीच्या लग्नातल्या बापासारखा इकडून तिकडे. पोतं फोडलं. नाकोजी वाकला. एक गाल सुजलेला. त्याने नाक ओढलं, डोळे मिटले, आणि नेहमीपेक्षा बराच वेळ मिटून ठेवले.

"किती?" मीटरसाहेबाने पेन सरसावलं.

"ओल सांगता येत नाही," नाकोजी म्हणाला. "पण यात वाळू आहे. झाडून गोळा केलेला भुसा आहे हा. भट्टीत गेला तर दगड होईल."

व्यापारी ताडकन उसळला. "वाळू? वाळूला वास असतो का? ऐकलं का साहेब? हा माणूस ढलप्यावाल्यांनी पढवलेला आहे! कांड्या आल्या तर यांचे सहा वर्षांचे लागेबांधे तुटतात ना! विचारा, विचारा त्याला, वाळूचा वास कसा आला ते!"

सगळ्यांची तोंडं नाकोजीकडे वळली. मीटरसाहेबाचंसुद्धा. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती भीती होती. ही चार पानं खोटी निघाली तर त्याचंही कठीण होतं. नाकोजीने ती भीती पाहिली. लबाड म्हणा, ढोंगी म्हणा, पण विकला गेलेला? सहा वर्षांत त्याने एक आकडा खोटा सांगितला नव्हता. त्याने खुर्चीकडे एकदा पाहून घेतलं. मग खिशातून रुमाल काढला आणि टेबलावर उलगडला.

"नाकाने नाही कळलं," तो म्हणाला. "दाढेने कळलं. ही दाढ, हा खडा. काल संध्याकाळची बिस्किटं, साहेब, ती ही होती."

मीटरसाहेबाने वही उघडली, वाचलं, पोत्यातली कांडी उचलून पाहिली, आणि मटकन खाली बसला. सुदैवाने मागे खुर्ची होती.

मग नाकोजीने सगळं सांगितलं. ब्लीचची वाफ, बेडूक, डबा, ओव्हन, साखर. सांगून झाल्यावर पहिला बोलला तो बॉयलरमामा. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"म्हणजे लाकूड झोपत नाही?"

"नाही मामा."

"सहा वर्षं मी त्या ढिगांजवळून चवड्यांवर चाललो रे!"

"माफ कर, मामा."

"माझ्या बायकोशी मी घरात कधी हळू बोललो नाही!" असं म्हणत त्याने रागारागाने कांड्यांची दोन पोती खांद्यावर टाकली आणि भट्टीकडे गेला. अर्ध्या तासाने आला तो फावडं घेऊन. फावड्यावर राख नव्हतीच, वितळून गोठलेला, काचेसारखा चकाकणारा, नारळाएवढा दगड होता. तो त्याने व्यापाऱ्याच्या इस्त्रीच्या पँटजवळ ठेवला. व्यापारी दोन पावलं मागे सरला, मग आणखी दोन, आणि थोड्याच वेळात ट्रक पोत्यांसकट फाटकाबाहेर पडला.

जाड अधिकारी त्याहून जाड अधिकाऱ्याच्या कानात काही बोलला. मीटरसाहेब मात्र अजून खुर्चीतच. त्याने वहीत काहीतरी खोडलं. "काका, ओव्हन किती अंशांवर ठेवता?"

"ते तिला विचारा."

बायकोला बोलावणं गेलं. ती तशीच एप्रनवर आली. "एकशे पाच," ती म्हणाली. "त्याच्या वर नेलं तर लाकूड तांबूस होतं, खाली ठेवलं तर पाणी राहतं."

"हे तुम्हाला कुठे शिकवलं, काकू?"

"शिकवतंय कोण? पहिल्या महिन्यात आठ वेळा करपलं. यांना वास येत नाही, मला येतो."

मीटरसाहेबाने कपाळाला हात लावला. पुस्तकात दिलेली पद्धत हीच होती, एकशे पाच अंश, वजन उतरायचं थांबेपर्यंत. चार वर्षं शिकला होता तो, परीक्षेत लिहून आला होता, आणि मग सुळ्यांचं यंत्र घेऊन हिंडत होता.

पुढच्या आठवड्यात फाटकाशेजारी एक खोली रंगवली. तीत एक नवा ओव्हन, पण तिने तो नाकारला आणि घरचा जुना आणवला. तराजूही तोच. पगारावर नाव चढलं ते बायकोचं. एका हाताची फिरती खुर्चीही तिलाच मिळाली, कारण उभं राहून वजन करता येत नाही. नाकोजीला राख ओढावी लागली नाही. तो शेजारी स्टुलावर बसतो, ढिगांतून डबे भरून आणतो, आणि आकडा ऐकला की सवयीने एकदा नाक ओढतो. खुर्चीबद्दल कुणी छेडलं तर म्हणतो, "घरातच राहिली ना?" बॉयलरमामा महिनाभर त्याच्याशी बोलला नाही, आणि ढिगांजवळून जाताना मुद्दाम खाकरू लागला. पुढे नाकोजीच्या दाढेला चांदीचं टोपण बसलं, ते मीटरसाहेबाने स्वतःच्या पैशाने करून दिलं.

मावशीच्या खिडकीत हल्ली वास येत नाही. तिने एकदा विचारलंही, "भाजत नाहीस का गं आता?" बायको म्हणाली, "कारखान्यात भाजते." मावशीने मान डोलावली आणि संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं की आता सगळा कारखानाच लाकूड खातो.

खरं एवढंच आहे. बायको लाकूड भाजायची ते वजन करायला. नवऱ्याने ते एकदाच खाल्लं. पाच कांड्या, वर साखर, पाण्याबरोबर. चहा नव्हता.